षट्षष्टीची साष्टी : एका बेटाच्या दाटीचा इतिहास

आम्ही जालनेकर समुद्रापासून फार दूर राहतो. कुंडलिका आणि दुधना या आमच्या नद्या. उन्हाळ्यात त्यांच्या पात्रांतून पायी चालत जाता येते. साहजिकच बेटाविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. परंतु जगातील अत्यंत दाट वस्तीच्या बेटांपैकी एक बेट आपल्याच महाराष्ट्रात आहे आणि मराठवाड्यातील असंख्य कुटुंबांची एक ना एक शाखा तेथे जाऊन रुजली आहे. आपण त्याला बेट म्हणत नाही, मुंबई म्हणतो. त्या बेटाचे खरे नाव साष्टी.

'षट्षष्टी' म्हणजे सहासष्ट. सहासष्ट गावांचा प्रदेश म्हणून ती साष्टी, असे या नावाचे मूळ सांगितले जाते. गोमंतकातही याच अर्थाची दुसरी साष्टी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली मुद्रित झाले ते त्या दक्षिणेकडील साष्टीतील रायतूर येथे. नावांच्या या सारखेपणामुळे पुष्कळदा घोटाळा होतो, म्हणून हा खुलासा. आमचा विषय उत्तर कोकणातील साष्टीचा आहे. तिच्या उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र. दक्षिणेकडील मुंबईची सात बेटे भराव घालून प्रथम एकमेकांना व मग साष्टीला जोडली गेली. आज हे सारे मिळून सुमारे ६१९ चौरस किलोमीटरांचे एकच बेट मानले जाते.

आता जगाकडे पाहू. लोकसंख्येत पहिला मान इंडोनेशियातील जावा बेटाचा. तेथे १५ कोटींहून अधिक माणसे राहतात. त्यानंतर सुमारे १० कोटींचे जपानचे होन्शू. मग ग्रेट ब्रिटन, फिलिपाईन्समधील लुझोन, सुमात्रा अशी रांग लागते. ही सर्व बेटे विस्ताराने मोठी आहेत. एकट्या जावाचे क्षेत्रफळ सव्वा लाख चौरस किलोमीटरांहून जास्त आहे. आपली साष्टी त्यांच्यापुढे नखाएवढी. तरीही २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख, ठाणे शहराची १८ लाखांहून अधिक आणि मीरा-भाईंदरची ८ लाखांहून अधिक नोंदली गेली. ठाणे शहराचा मुंब्रा-दिव्याकडील भाग खाडीपलीकडे आहे. तो वगळला तरी बेरीज दीड कोटीच्या आसपासच राहते. तुलनेसाठी आमचा जालना जिल्हा घ्या. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७,७०० चौरस किलोमीटर आणि २०११ ची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार. म्हणजे साष्टी विस्ताराने आमच्या जिल्ह्याचा जेमतेम बारावा हिस्सा, पण तेथील माणसे आमच्या साडेसातपट.

ही दाटी झाली कशी? बेटे दोन कारणांनी भरतात असे आम्हांस वाटते. काही बेटे आपल्या मातीने माणसे पोसतात. जावाची ज्वालामुखीच्या राखेने सुपीक झालेली जमीन आणि तिच्यावरील पाण्याची भातशेती हे याचे ठळक उदाहरण. दुसऱ्या प्रकारची बेटे बंदरामुळे भरतात. न्यूयॉर्कचे मॅनहॅटन, सिंगापूर आणि आपली मुंबई या दुसऱ्या पंगतीतल्या. तेथे धान्य बाहेरून येते, पाणी बाहेरून येते आणि माणसेही बाहेरूनच येतात. मुंबईला पाणी पुरविण्यासाठी साष्टीवरच विहार तलाव बांधला गेला, त्याचे पाणी १८६० मध्ये मिळू लागले. पुढे तुळशी तलाव झाला. तेही पुरेनात तेव्हा तानसा, वैतरणा, भातसा असे मुख्यभूमीवरील पाणी आणावे लागले. चारी बाजूंनी पाणी असलेल्या बेटाची तहान दुसऱ्याच्या डोंगरांनी भागवावी, ही गोष्ट टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या जिल्ह्याला लगेच समजते.

प्रारंभी मात्र हे बेट शेतकऱ्यांचे, आगऱ्यांचे आणि कोळ्यांचे होते. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या ताब्यातील बेटे पोर्तुगीजांना दिली. त्यांच्यामागून फ्रान्सिस्कन व येशूसंघीय धर्मगुरू आले. वांद्र्याचे संत आंद्रेयाचे मंदिर १५७५ चे, दादरचे तारणमातेचे १५९६ चे. श्रद्धेचा हा वारसा सांगताना त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. बोरिवलीजवळील मंडपेश्वराच्या प्राचीन शैव लेण्याचेच त्या काळी ख्रिस्तमंदिर करण्यात आले. सत्तेच्या आधाराने जे झाले ते तसेच लिहिले पाहिजे. त्याबरोबर हेही लिहिले पाहिजे, की १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज सत्ता गेली, तरी साष्टीतील सामान्य ख्रिस्ती माणसाने आपला धर्म सोडला नाही. परदेशी पाद्री निघून गेल्यावर स्थानिक धर्मगुरूंनी धर्मग्राम सांभाळले. शेत, मिठागर, होडी आणि घरातली मराठी बोली यांत कोणताही बदल झाला नाही.

मुंबईची बेटे तोवर वेगळ्या वाटेला लागली होती. १६६१ च्या विवाहकराराने ती इंग्लंडच्या राजाकडे आणि १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. गव्हर्नर जेराल्ड आँजियर याने सर्व धर्मांच्या व्यापाऱ्यांना अभय दिले. मुख्यभूमीवर लढायांची धामधूम होती. पाण्याच्या आड सुरक्षितता मिळते म्हणून माणसे तेथे सरकली. इंग्रज आले तेव्हा दहा हजारांची मानली जाणारी वस्ती साठ हजारांवर गेली, असे फ्रायर या इंग्रज वैद्याने त्या काळी नमूद केले आहे. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टीही घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली.

मग बांधांचे युग आले. शीवचा बांध १८०३ मध्ये पुरा झाला. माहीम व वांद्रे यांना जोडणारा रस्ता १८४५ मध्ये खुला झाला. त्यासाठी लेडी अवाबाई जीजीभाई यांनी मोठे द्रव्य दिले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. येथे बेटाचे बेटपण एका अर्थी संपले आणि दाटीला खरा आरंभ झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला. दख्खनचा कापूस मुंबईच्या धक्क्याकडे वाहू लागला. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग झाला आणि आमचे जालनाही त्या प्रवाहाला जोडले गेले. कापूस गेला त्या वाटेने पुढे माणूसही गेला. १९२१ च्या जनगणनेत मुंबई शहरात राहणाऱ्यांपैकी तेथेच जन्मलेले शेकडा सोळाच होते.

दाटीची किंमत १८९६ मध्ये कळली. त्या वर्षी मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. १८९१ मध्ये ८ लाख २१ हजार असलेली वस्ती १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजारांवर उतरली. वांद्रे, गिरगाव, माझगाव येथील गल्ल्यांच्या तोंडाशी जे जुने क्रूस दिसतात, त्यांतील अनेक या साथीच्या काळात उभारले गेले आहेत.

त्याच १९०१ साली साष्टी तालुक्याची लोकसंख्या दीड लाखाच्याही आत होती. २०११ पर्यंत त्याच भूमीवर सुमारे १ कोटी २० लाख माणसे राहू लागली, म्हणजे एकशे दहा वर्षांत जवळजवळ ऐंशीपट. मुंबईची हद्द १९५० व १९५७ मध्ये साष्टीत वाढली. दुग्धवसाहत, विमानतळ, कारखाने, गृहवसाहती यांसाठी जमीन लागली, ती भातशेतीतून आली. सहार हे एका गावाचे नाव होते; पुढे ते विमानतळाचे झाले. कोंडीवटे येथे येशूसंघीयांनी १५७९ मध्ये बांधलेले संत योहानाचे मंदिर १८४० च्या साथीनंतर ओस पडले आणि धर्मग्राम मरोळला हलला. त्या मंदिराचे भग्नावशेष आज 'सीप्झ' या निर्यात वसाहतीच्या कुंपणात आहेत. या मूळ रहिवाशांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले व आपली संस्था स्थापिली. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती बांधवांपासून आपली ओळख निराळी राहावी हा हेतू होता. आज त्यांची गावठाणे उंच इमारतींच्या मध्ये दबून राहिली आहेत. पुष्कळ ठिकाणी शेत गेले, मिठागर गेले, उरले ते घर, विहीर आणि क्रूस.

येथे आम्हां मराठवाड्यातील वाचकांना एक अवघड प्रश्न टाळता येणार नाही. ज्यांच्या येण्याने हे बेट भरले, त्यांत आपलीही माणसे आहेत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील हजारो भूमिहीन कुटुंबे मुंबईला गेली. चेंबूर, मानखुर्द, घाटकोपरच्या वस्त्यांत त्यांची तिसरी पिढी नांदते आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हाही पुन्हा तीच वाट दिसली. डिसेंबर २०२३ मध्ये जालन्याहून मुंबईला 'वंदे भारत' गाडी सुरू झाली. सोय वाढली, ओढही वाढली. जाणाऱ्याला दोष देता येत नाही. उपाशी माणूस बेटाची धारणशक्ती मोजत बसत नाही. परंतु गावठाणातल्या म्हाताऱ्याचे दुःखही खोटे नाही. तो कोठेही न जाता परका झाला.

उलट दिशेने आलेल्या एका प्रवाशाचीही आठवण ठेवावी. नारायण शेषाद्री यांनी १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ते पुढे स्कॉटिश मिशनतर्फे जालन्यास आले आणि जवळच बेथेल हे गाव वसविले. ते आपल्या पंथाचे नव्हते. तरी गर्दीच्या शहराकडून माळरानाकडे येऊन माणसांना जमीन, घर आणि काम मिळावे म्हणून झटणारा माणूस म्हणून त्यांचे ऋण सर्वांनी मानावे. बेटावरची दाटी कमी व्हायची तर जालन्याच्या माळावर पाणी आणि काम हवे, हे त्यांच्या उद्योगातून दिसते.

दाटी सर्वत्र वाढतच राहते असेही नाही. मॅनहॅटनमध्ये १९१० साली २३ लाख लोक होते, २०२० मध्ये १७ लाखांच्या जवळपास राहिले. जुन्या मुंबई शहराची वस्तीही २००१ च्या ३३ लाख ३८ हजारांवरून २०११ मध्ये ३० लाख ८५ हजारांवर आली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद होत गेल्या आणि कामगार उपनगरांकडे व खाडीपलीकडे सरकला. गर्दी हटली, ती गरिबाच्या घराची किंमत देऊन.

२०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे वरील आकडे जुने आहेत. आकडे आज ना उद्या मिळतील. गावांच्या आठवणी मात्र तशा मिळणार नाहीत. १८७२ पूर्वीच्या साष्टीतील सामान्य माणसांची नावे मुख्यतः धर्मग्रामांच्या बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्यांत सापडतील. त्या वह्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात, गावठाणांतील वडीलधाऱ्यांकडून शेतांची, पाखाड्यांची, विहिरींची नावे लिहून घ्यावीत, ही तेथील बांधवांना आमची विनंती. आणि मराठवाड्यातील आपल्या धर्मग्रामांनी, कोणते कुटुंब कोणत्या दुष्काळात कोठे गेले याची नोंद ठेवावी. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, तर या बेटाचा इतिहास पुरा होईल.