शेकी (गीत)

शेकी : मराठी पॉप गायक, गीतकार व संगीतकार संजू राठोड यांचे एकल गीत. एप्रिल २०२५ मध्ये चित्रफितीसह प्रदर्शित. संगीतनिर्मिती जी-स्पार्क यांची असून चित्रफितीत राठोड यांच्यासोबत अभिनेत्री ईशा मालवीय आहेत. यूट्यूबवर हे गीत १० कोटींहून अधिक वेळा पाहिले गेले आहे. ‘गुलाबी साडी’च्या (२०२४) यशानंतर राठोड यांच्या नव्या गाण्याकडे श्रोत्यांचे लक्ष होते. त्यामुळे ‘शेकी’ची तुलना सतत त्या गाण्याशी होत राहिली.

पार्श्वभूमी : राठोड हे जळगाव जिल्ह्यातील बंजारा समाजातील कलावंत. खानदेशात चित्रपटसृष्टीचा आधार न घेता गाणे रचायचे, चित्रित करायचे आणि थेट यूट्यूबवर आणायचे, ही वाट अहिराणी कलावंतांनी रुळवली होती. ‘हाई झुमका वाली पोर’ व ‘केसावर फुगे’ ही त्यातली गाजलेली गाणी. राठोड त्याच परिसरातले. मात्र प्रमाण मराठीच्या जवळची, थोडे हिंदी-इंग्रजी मिसळलेली बोलीभाषा वापरल्याने त्यांची गाणी खानदेशाबाहेर सहज पोहोचली.

पूर्वीची गीते : ‘नऊवारी’, ‘गुलाबी साडी’ व ‘काळी बिंदी’ ही ‘शेकी’आधीची ठळक गाणी. तिन्हींच्या केंद्रस्थानी स्त्रीच्या पेहरावातली वा शृंगारातली एखादी वस्तू आहे. त्यांपैकी ‘गुलाबी साडी’ फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. त्याच्या चित्रफितीत प्राजक्ता घाग आहेत. साडी नेसून सजलेली स्त्री आपला फोटो काढायला सांगते, एवढाच त्याचा विषय. ही मागणीच रीलच्या पथ्यावर पडली. गाण्यात जे सांगितले आहे तेच कॅमेऱ्यासमोर करायचे असल्याने वेगळे नृत्य शिकण्याची गरज नव्हती. कपाटातली गुलाबी साडी पुरे. नवरीपासून आजीपर्यंत सगळ्यांनी त्यावर रील केली. माधुरी दीक्षित यांनीही त्यावर ठेका धरला. स्पॉटिफायवर ते १० कोटींहून अधिक वेळा ऐकले गेले.

तुलना : ‘शेकी’ची बांधणी जुन्याच साच्यातली. लांबी सुमारे तीन मिनिटे, ठोक्यावर चालणारी चाल, लगेच तोंडी बसणारे ध्रुवपद आणि त्याच्याशी जोडलेली एक ठरलेली अदा. फरक बोलणाऱ्यात आहे. ‘गुलाबी साडी’त स्त्री स्वतःच्या रूपावर खूश आहे आणि हुकूमही तीच सोडते; ‘शेकी’त पुरुष तिच्या कमरेची व चालीची तारीफ करतो. वस्तूची जागा हालचालीने घेतली. परिणामी रील करणाऱ्याला पेहरावापेक्षा कंबर लचकवण्याचे कसब लागते. नाचाला ‘शेकी’ सरस ठरते. पण साडीच्या गाण्यात आजीलाही जी जागा होती, ती येथे आक्रसली. विषयाचा नवेपणा ‘गुलाबी साडी’त अधिक, तर निर्मितीचा झगमगाट व ठेक्याची सफाई ‘शेकी’त अधिक.

मराठी पॉपमधील स्थान : कॅसेटच्या काळात आनंद शिंदे यांच्यासारख्या गायकांची गाणी दोन बाजूंच्या संचातून येत, एक गाणे गाजले की त्याच्या जोरावर बाकीचीही खपत. २००२ मधील वैशाली सामंत व अवधूत गुप्ते यांच्या ‘ऐका दाजिबा’ने मराठी अल्बमला दूरचित्रवाणीवरील चित्रफितीची जोड दिली. राठोड यांच्या पिढीत संचच उरला नाही. प्रत्येक गाण्याला एकट्यानेच तग धरावा लागतो, म्हणून ओळखीचा ठेका कायम ठेवून विषय तेवढा बदलण्याकडे कल दिसतो.

ग्रामीण मंच : अशी सुटी गाणी ग्रामीण मंचावरही सोयीची ठरतात. भंडारा जिल्हा ज्या झाडीपट्टीत मोडतो, तेथे धान निघाल्यावर दिवाळीच्या सुमारास मंडईचे (जत्रेचे) दिवस सुरू होतात आणि दंडार व खडी गंमत हे लोकनाट्यप्रकार तसेच झाडीपट्टी नाटके रंगतात. नाटकाच्या कथेमध्ये गाजलेल्या गाण्यांवरचे नाच घालण्याची तेथे जुनी रीत आहे. अशा मंचाला लागते ते छोटे, ठेकेबाज आणि प्रेक्षकांना आधीच पाठ असलेले गाणे. राठोड यांच्या रचना त्या मापाच्या आहेत. लग्नाच्या वरातीतल्या डीजेचीही हीच गरज असते.

मूल्यमापन : ‘शेकी’ने राठोड यांचे नाव एका गाण्यापुरते नाही, हे सिद्ध केले. त्यासाठी त्यांनी हमखास चालणारा साचा निवडला. ‘गुलाबी साडी’ची खरी ताकद बोलणाऱ्या स्त्रीच्या ठसक्यात होती आणि ‘शेकी’ने नेमकी तीच बाजू सोडली. म्हणून लोकप्रियतेत ‘शेकी’ मागे पडले नसले, तरी रचना म्हणून ‘गुलाबी साडी’ वरचढ ठरते.