सीमा ओलांडली की बिअर का बदलते?

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या मंडळींत युरोपच्या सहलींचे बेत सुरू होतात. लंडनहून युरोस्टार धरायची, सुमारे दोन तासांत ब्रसेल्स, तिथून कोलोन, म्युनिक, प्राग, व्हिएन्ना. सहलीहून परत आलेल्या लोकांमध्ये मग एक वाद हमखास रंगतो. बिअर कुणाची चांगली? जर्मनांची, चेक लोकांची की बेल्जियमची? कोल्हापूरची मिसळ चांगली की पुण्याची, यासारखाच हा वाद आहे आणि तो तितकाच न संपणारा आहे.

आजच्या भागात आपण त्याचा निकाल लावणार नाही. एकमेकांना खेटून असलेल्या या देशांत बिअर इतकी वेगवेगळी कशी झाली, आणि चांगली बिअर म्हणजे काय हे कुणी ठरवलं, ते बघू. तुमच्यापैकी बरेच जण बिअर घेत नसतील. त्यांनीही जरूर ऐका, कारण ही गोष्ट पाण्याची, कायद्याची आणि व्यापाराचीही आहे.

सुरुवात पाण्यापासून करू. गावाकडच्या आजीला विचारा, ती सांगेल की अमुक विहिरीच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही. बिअरचंही तसंच आहे. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. बाकी बार्ली, म्हणजे आपला सातू, भिजवून, मोड आणून, वाळवून केलेला मॉल्ट, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं, आणि आंबवण्यासाठी यीस्ट. म्युनिकच्या पाण्यात चुन्याचे क्षार भरपूर. या पाण्याला जास्त भाजलेला, गडद मॉल्ट मानवतो, कारण त्याचा आंबटपणा क्षारांना तोलून धरतो. म्हणून म्युनिकची जुनी बिअर तपकिरी. इंग्लंडमधल्या बर्टन अपॉन ट्रेंटच्या विहिरींत जिप्सम आहे, त्यामुळे तिथे हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ उठून येतो. १८२० च्या दशकापासून याच बर्टनची फिकट, कडू बिअर पिंपांत भरून जहाजाने हिंदुस्थानात जाऊ लागली. दुकानात आज आपण 'इंडिया पेल एल' नावाच्या बाटल्या पाहतो, त्या नावातला इंडिया तो. आणि बोहेमियातल्या पिल्सेन गावाचं पाणी इतकं मऊ, की त्यात क्षार जवळजवळ नाहीतच. या गावाकडे आपण थोड्या वेळाने येऊच.

पाण्यानंतर कायदा. २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट इथे बव्हेरियाचे ड्यूक चौथा विल्हेल्म आणि त्याचा भाऊ दहावा लुडविग यांनी एक फर्मान काढलं. बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी याशिवाय काहीही घालायचं नाही. यीस्टचा त्यात उल्लेखच नाही. आज हा 'शुद्धतेचा कायदा' म्हणून जर्मन बिअरच्या जाहिरातींत मिरवला जातो. पण मूळ फर्मान वाचलं तर त्यातला मोठा भाग शुद्धतेबद्दल नसून भावाबद्दल आहे. हिवाळ्यात एक मास, म्हणजे साधारण एक लिटर बिअर, एका फेनिगहून महाग विकायची नाही, उन्हाळ्यात दोन फेनिगहून नाही. गहू आणि राय वगळण्यामागेही ते धान्य पावासाठी राहावं हा हेतू होता, असं मानतात. थोडक्यात, भाव आणि भाकरी सांभाळणारा हा कायदा होता. पुढे गव्हाच्या बिअरचा हक्क खुद्द ड्यूकच्या घराण्याकडे आला आणि त्यांनी त्यातून चांगला पैसा कमावला. प्रजेला गहू बंद, राजाला चालू!

१५५३ मध्ये बव्हेरियात आणखी एक नियम आला. २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करायची नाही, कारण उन्हाळ्यात ती नासते. त्यामुळे सगळं काम थंडीत होऊ लागलं. थंडीत तळाशी बसून सावकाश काम करणारं यीस्टच टिकतं. तळघरात महिनोन्‌महिने साठवलेली ही बिअर म्हणजे लागर. जर्मन भाषेत 'लागर्न' म्हणजे साठवणं. आज जगभर सर्वांत जास्त खपणाऱ्या बिअरचं मूळ असं एका सरकारी बंदीत आहे.

आता आपल्या विषयाशी थेट जोडलेले दोन प्रवासी. १८३३ साली म्युनिकच्या श्पाटन ब्रूअरीचा तरुण वारस गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाजवळच्या श्वेखाटचा अँटोन ड्रेहर हे दोघे ब्रिटनमध्ये फिरत होते. उद्योगात त्या काळी इंग्रज सगळ्यांच्या पुढे होते. त्यांच्याकडे तापमापक होता, बिअरमधली साखर मोजण्याचं यंत्र होतं, वाफेची इंजिनं होती. या दोघांनी एका ब्रूअरीतून दुसऱ्या ब्रूअरीत पाहुणे म्हणून जायचं आणि गुपचूप नमुने घ्यायचे असा धडाका लावला. त्यासाठी त्यांनी एक खास पोकळ काठी बनवून घेतली होती, तिच्या टोकाला झडप. काठी पिंपात बुडवायची, झडप आपोआप बंद होते, आणि मुक्कामावर आल्यावर नमुना तपासायचा. शेजाऱ्याच्या बिअरची तुलना इतक्या मेहनतीने फार कमी लोकांनी केली असेल. या दौऱ्यातून ते ब्रिटिश बिअर घेऊन परतले नाहीत. मॉल्ट कसा वाळवायचा आणि मोजमाप कसं ठेवायचं हे शिकून परतले, आणि ते ज्ञान आपल्या थंड तळघरांतल्या लागरला लावलं. १८४१ मध्ये ड्रेहरची तांबूस व्हिएन्ना लागर बाजारात आली. १८४५ मध्ये कोपनहेगनच्या याकोबसेनने, म्हणजे कार्ल्सबर्गच्या संस्थापकाने, झेडलमायरकडून यीस्ट मिळवलं. म्युनिकपासून डेन्मार्कपर्यंतच्या लांबच्या प्रवासात त्याने ते थंड पाण्याने गार ठेवत जपून नेलं.

आता पिल्सेन. १८३८ मध्ये या गावातल्या बिअरचा दर्जा इतका घसरला होता, की लोकांनी ३६ पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली. मग बिअर करण्याचा हक्क असलेल्या नागरिकांनी एकत्र येऊन नवी ब्रूअरी बांधायचं ठरवलं. बिअर करायला माणूस आणला तो शेजारच्या बव्हेरियातून, फिल्सहोफेनचा जोसेफ ग्रोल. मॉल्ट वाळवायची पद्धत घेतली इंग्रजांची, ज्यात धूर न लागता धान्य फिकट राहतं. हॉप्स जवळच्याच झाटेट्सचे, पाणी गावचं मऊ. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी पहिला घाणा लागला आणि नोव्हेंबरमध्ये लोकांनी ती चाखली. पारदर्शक, सोनेरी, वर पांढराशुभ्र फेस. आज जगात 'पिल्सनर' नावाने जे काही विकलं जातं, त्याचा हा उगम.

श्रोतेहो, इथे एक क्षण थांबा. चेक लोकांचा हा सर्वांत मोठा अभिमान बव्हेरियाच्या माणसाने, इंग्रजी पद्धतीच्या मॉल्टवर, बोहेमियाच्या पाण्यात केला. तेव्हा 'चेक बिअर जर्मन बिअरपेक्षा सरस' असं कुणी म्हणालं तर त्याला ग्रोलचं गाव कुठलं ते विचारायला हरकत नाही. उलट बाजूनेही तेच. जर्मनीत आज ठिकठिकाणी मिळणारं 'पिल्स' हे पिल्सेनचंच बाळ आहे.

बेल्जियममध्ये मात्र सगळे नियम उलटे. ब्रसेल्सच्या आसपास झेन नदीच्या खोऱ्यात 'लँबिक' करतात. यात यीस्ट घालतच नाहीत. गरम रस रात्रभर उघड्यावर ठेवायचा, हवेतलं यीस्ट आपणहून येतं, आणि मग लाकडी पिंपांत एक ते तीन वर्षं वाट बघायची. चव आंबट. हूगार्डन गावच्या पांढऱ्या बिअरमध्ये गहू, संत्र्याची साल आणि चक्क धणे असतात. तिथली शेवटची ब्रूअरी १९५७ मध्ये बंद पडली होती. पियेर सेलिस नावाच्या गावातल्याच एका दूधवाल्याने १९६६ च्या सुमारास ती चव परत आणली.

बेल्जियमची बिअर इतकी कडक का, याचंही उत्तर कायद्यात आहे. आपल्याला हे समजायला सोपं जाईल. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने परवाना सक्तीचा केला, म्हणून महाराष्ट्रात अजून हॉटेलांवर 'परमिट रूम' अशी पाटी दिसते. बेल्जियममध्ये १९१९ साली व्हँडरव्हेल्ड या मंत्र्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला. कॅफेत कडक दारू द्यायला बंदी, आणि दुकानातून घ्यायची तर किमान दोन लिटर घ्या. गरीब कामगाराला दोन लिटर एकदम परवडू नये हा हेतू. झालं असं, की कॅफेतल्या गिऱ्हाइकाला काहीतरी जोरकस हवं होतं आणि ब्रूअरींनी ते बिअरमधून दिलं. वेस्टमाल मठाच्या ट्रॅपिस्ट साधूंची १९३४ ची 'ट्रिपेल' साडेनऊ टक्क्यांची आहे. तो कायदा १९८३ मध्ये गेला, कडक बिअर राहिली.

आता विचार करा. धणे घातलेली बेल्जियन बिअर जर्मन कायद्याच्या पट्टीने मोजली तर ती बिअरच ठरत नाही. आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. १९०६ मध्ये बव्हेरियाचा नियम साऱ्या जर्मन साम्राज्यात लागू झाला होता. त्या पट्टीत न बसणाऱ्या परदेशी मालाला जर्मनीत 'बिअर' म्हणून विकता येत नसे. फ्रान्सच्या आल्सास भागातली एक ब्रूअरी, ब्रासरी द्यु पेशर, सीमेच्या अगदी जवळ असूनही १९८१ मध्ये जर्मनीतली विक्री थांबवायला भाग पडली. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. जर्मनीचं म्हणणं, आमचे लोक बिअर फार पितात, त्यात इतर पदार्थ आले तर आरोग्याला धोका. न्यायालयाने विचारलं, मग तेच पदार्थ तुमच्याकडे इतर पेयांत कसे चालतात? १२ मार्च १९८७ रोजी जर्मनी हरला. बाटलीवर घटक लिहा, निवड गिऱ्हाइकाला करू द्या, असा निकालाचा अर्थ. त्या ब्रूअरीने नंतर भरपाईचा दावा केला. १९९६ च्या निकालाने सरकारकडून अशी भरपाई मागता येते हे तत्त्व मान्य झालं, पण तिला स्वतःला पैसे मिळाले नाहीत.

म्हणून प्रवासात तुलना करायचीच असेल तर पट्टी त्या गावची घ्या. कोलोनमध्ये 'क्योल्श' २०० मिलीलिटरच्या छोट्या ग्लासात येते, कारण ती ताजी आणि गार संपावी. ग्लासवर बिअरमॅट ठेवेपर्यंत वाढपी नवा ग्लास आणत राहतो, हे लक्षात असू द्या. म्युनिकच्या एक लिटरच्या मगाशी तिची तुलना करून उपयोग नाही. बांबर्गची बिअर धुराची लागली तर बिघडली समजू नका, तिथे मॉल्ट अजून बीचच्या लाकडावर वाळवतात. प्रागमध्ये वर जाड फेस आला तर माप मारलं म्हणून भांडू नका, तो फेस मुद्दाम देतात. तिथल्या पाटीवरचे १० आणि १२ हे आकडे अल्कोहोलचे टक्के नाहीत, आंबवण्यापूर्वीच्या रसाच्या घट्टपणाचे अंश आहेत. बारा अंशांची बिअर साधारण पाच टक्क्यांची असते.

आणि ग्लास मोजून हिशेब करू नका. साडेनऊ टक्क्यांच्या ट्रिपेलची ३३० मिलीलिटरची एक बाटली म्हणजे आपल्या इथल्या साडेपाच टक्क्यांच्या अख्ख्या पाइंटइतकं अल्कोहोल. गाडी चालवणाऱ्यांसाठी तर सीमा आणखी महत्त्वाची. जर्मनीत मर्यादा ०.५ आहे, चेक प्रजासत्ताकात शून्य. म्युनिकमध्ये जेवताना घेतलेला ग्लास पिल्सेनच्या वाटेवर महागात पडू शकतो.

यंदा त्या वाटेने गेलात तर चव कुठली आवडली ते आम्हाला जरूर कळवा, आणि का आवडली तेही. पाणी आवडलं, कायदा आवडला की शेजाऱ्याकडून आणलेली युक्ती, ते बघू. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.