डाचोरा आणि एटेकून

१. ‘ते प्राणी’ : निन्टेन्डोच्या ‘सुपर मेट्रॉइड’ (१९९४) या गेममधील डाचोरा आणि एटेकून. लेखकाने त्यांचा ओझरता उल्लेख केला आहे. गेम न खेळलेल्या वाचकांसाठी हा खुलासा. झीबीस ग्रहाच्या पोटात नायिका सामस एरन विहिरीसारख्या खोल जागी अडकते. तिथे तीन हिरवे, माकडासारखे एटेकून समोरासमोरच्या भिंतींवर आलटून पालटून उड्या मारत वर चढून दाखवतात. दुसरीकडे डाचोरा हा शहामृगासारखा पक्षी वेगाने धावून सरळ वर झेपावतो. पडद्यावर सूचनेचा शब्दही येत नाही. खेळाडूने पाहायचे आणि करायचे. शिकवण्याची इतकी सुंदर रीत या माध्यमात क्वचितच आढळते. शेवटी, ग्रहाच्या स्फोटाला जेमतेम ३ मिनिटे उरली असताना वाट वाकडी केली, तर हेच प्राणी एका खोलीत कोंडलेले सापडतात. भिंत फोडून त्यांना सोडवता येते. गेम तसे सांगत नाही, बक्षीसही देत नाही; फक्त स्फोटाच्या दृश्यात एक बारीक ठिपका ग्रहापासून दूर जाताना दिसतो. ‘मेट्रॉइड फ्यूजन’मध्ये (२००२) ते पुन्हा भेटतात, म्हणजे सामसने त्यांना सोडवले होते, असेच मानायला हवे. – संपादक