ऑर्कुटवरचं बिऱ्हाड

ऑर्कुट बंद होणार हे गूगलने ३० जून २०१४ ला जाहीर केलं आणि ३० सप्टेंबरला ते खरंच बंद झालं. दहा वर्षांचं बिऱ्हाड आणि नोटीस तीन महिन्यांची! जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेली ही साइट ब्राझील आणि भारतात तुफान चालली. स्क्रॅप, टेस्टिमोनियल, कम्युनिटी... हे शब्द ज्यांना माहीत नाहीत त्यांनी घरातल्या ताई-दादाला विचारावं :)

त्याआधी जिओसिटीजवाल्यांचे हाल झाले होते. १९९४ मध्ये सुरू झालेली ही सेवा हौशी लोकांना फुकट वेबपेजेस द्यायची. याहूने ती १९९९ मध्ये विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये जपान वगळता बंद केली. आपापल्या फाइल्स उतरवून घ्या, नाहीतर पैसे भरून आमच्याच होस्टिंगवर या, एवढेच पर्याय. जेसन स्कॉट यांच्या आर्काइव्ह टीमने धावपळ करून जमेल तेवढं वाचवलं आणि पुढच्या वर्षी सहाशेहून जास्त जीबीचा टॉरेंट सोडला.

ऑर्कुटकरांचं नशीब बरं, कारण तोवर दार तयार होतं. गूगलच्या शिकागो ऑफिसात ब्रायन फिट्झपॅट्रिक यांनी २००७ मध्ये 'डेटा लिबरेशन फ्रंट' नावाची छोटी टीम सुरू केली होती. त्यांचं म्हणणं असं, की लोकांना सोडून जाणं सोपं असेल तर त्यांना टिकवण्यासाठी प्रॉडक्ट चांगलंच ठेवावं लागतं. त्यातून जून २०११ मध्ये टेकआउट आलं. जीमेल त्यात यायला मात्र डिसेंबर २०१३ उजाडला. ऑर्कुटवरचं सामान सप्टेंबर २०१६ पर्यंत टेकआउटमधून नेता येत होतं.

पण खरी गोम पुढेच आहे. आपण मित्राला लिहिलेला स्क्रॅप त्याच्या स्क्रॅपबुकात असायचा आणि त्याचं उत्तर आपल्या. म्हणजे गप्पा अर्ध्या इथे, अर्ध्या तिथे. कम्युनिटीतलं भांडण तर पन्नास जणांचं. त्यातलं 'माझं' नेमकं कुठलं? सार्वजनिक कम्युनिटीजचं आर्काइव्ह गूगलने काही काळ ठेवलं, पण २०१७ मध्ये तेही गेलं.

कायद्यालाही हा गुंता सुटलेला नाही. युरोपात २५ मे २०१८ पासून जीडीपीआरच्या कलम २० प्रमाणे आपला डेटा मशीनला वाचता येईल अशा स्वरूपात मागता येतो, पण इतरांच्या हक्कांना धक्का न लावता. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात असा हक्क होता. २०२३ च्या कायद्यातून तो गायब झाला. थोडक्यात, आपल्यासाठी हे दार अजून कंपनीच्या मर्जीवर उघडं आहे.

म्हणून मी दर दिवाळीच्या साफसफाईत टेकआउट मागवतो, दोन डिस्कवर टाकतो आणि त्यातली एक भावाकडे ठेवतो. मेलची फाइल थंडरबर्डमध्ये उघडून चार जुनी पत्रं वाचतो, म्हणजे फाइल धड आली की नाही तेही कळतं. एवढं तुम्हीही करा.

आणि ज्या मित्राशी झालेल्या गप्पांना तुमच्या लेखी किंमत आहे, त्यालाही त्याचा भाग उतरवून ठेवायला सांगा. तो तुमच्या झिपमध्ये येईलच असं नाही.