गृहीत धरलेली मते

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत महाविकास आघाडीने महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी एकाही जागेवर मुस्लिम उमेदवार दिला नाही. काँग्रेसचे आरिफ नसीम खान यांनी उघड नाराजी व्यक्त करत प्रचारक म्हणून काम करायला नकार दिला. २०११च्या जनगणनेनुसार राज्यात मुसलमान साडेअकरा टक्के आहेत. त्यांची मते आपल्यालाच पडणार, अशी आघाडीची खात्री होती. या खात्रीला जुना इतिहास आहे.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या मुंबई दंगलीवेळी राज्यात आणि केंद्रात काँग्रेसचीच सत्ता होती. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार दंगलीत ९०० माणसे मेली. त्यांपैकी ५७५ मुसलमान, २७५ हिंदू. आयोगाने शिवसेनेला जबाबदार धरले आणि ३१ पोलिसांवर ठपका ठेवला. १९९८ मध्ये युती सरकारने अहवाल फेटाळला, यात नवल नव्हते. पण १९९९ मध्ये अहवालाची अंमलबजावणी करू म्हणत काँग्रेसने मते मागितली. मग राष्ट्रवादीसोबत सलग १५ वर्षे राज्य केले. अहवालातल्या शिफारशी बहुतांशी कागदावरच राहिल्या.

आरक्षणाचेही तेच झाले. सच्चर अहवाल २००६ मध्ये आला. राज्याने २००८ मध्ये महमूदुर रहमान अभ्यासगट नेमला, त्याचा अहवाल २०१३ मध्ये मिळाला. पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला जुलै २०१४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तीन महिने आधी. उच्च न्यायालयाने शिक्षणातले आरक्षण रोखले नाही. पण सरकार बदलले, अध्यादेशाचा कायदा झाला नाही. पुढे २०१९ ते २०२२ या काळात महाविकास आघाडीनेही तो केला नाही. या आघाडीचे मुख्यमंत्री शिवसेनेचे होते, हेही आपण मुकाट्याने मान्य केले.

प्रत्येक निवडणुकीत आपल्याला एकच सांगितले गेले: ‘त्यांना’ रोखा. ती भीती खोटी नव्हती. पण भीतीपोटी दिलेल्या मताच्या बदल्यात काही द्यावे लागत नाही, हे पक्षांनी केव्हाच ओळखले. आपण कुणाला पाडायचे ते ठरवत राहिलो. काय मागायचे ते ठरवलेच नाही.

उमेदवार नाकारला जाणे हा अपमान आहेच. पण दंगलपीडितांचा न्याय आणि मुलांच्या शिक्षणातल्या जागा हे त्याहून मोठे नुकसान आहे. मतदानाच्या आधी त्याचा हिशेब मागायला कुणी अडवले होते?