कर्ता आणि क्रियापद: दादोबांची सुरत ते आजचे उधना

वाक्यातील एखाद्या नामाच्या लिंग, वचन किंवा पुरुषाप्रमाणे क्रियापदाचे रूप बदलते, तेव्हा त्या नामाचा आणि क्रियापदाचा मेळ आहे असे म्हणतात. इंग्रजीत हा मेळ नेहमी कर्त्याशी असतो आणि शाळेत तो ‘ही गोज, दे गो’ अशा जोड्यांनी पाठ करून घेतला जातो. मराठी व्याकरणात याच प्रश्नाचा विचार ‘प्रयोग’ या प्रकरणात येतो; परंतु कर्तरी, कर्मणी आणि भावे ही नावे घोकणाऱ्या विद्यार्थ्याला सहसा सांगितले जात नाही की इंग्रजीच्या तासाला शिकलेला नियम आणि मराठीच्या तासाला शिकलेले प्रयोग हे एकाच प्रश्नाचे दोन निकाल आहेत. या दोन निकालांची मराठी शिक्षणात पहिली गंभीर गाठ पडली ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, आणि ती घालून देणाऱ्या व्याकरणकाराच्या आयुष्यातील काही महत्त्वाची वर्षे सुरतेत गेली. त्याच सुरतेच्या दक्षिण अंगाला असलेल्या उधन्यात आज मराठी, अहिराणी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी या भाषा एकाच वस्तीत बोलल्या किंवा शिकल्या जातात, म्हणून या इतिहासाची तेथपर्यंतची वाट पाहणे अगत्याचे आहे.

इंग्रजीतील मेळ आज इतका तुटपुंजा दिसतो याचे कारण तो झिजत आलेला आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत वर्तमानकाळी एकवचनाच्या तिन्ही पुरुषांना वेगवेगळे प्रत्यय होते आणि अनेकवचनाला आणखी एक निराळा प्रत्यय होता. पुढील शतकांत ते प्रत्यय एकामागून एक गळाले, तृतीयपुरुषी एकवचनात दक्षिणेकडील ‘थ’ मागे पडून उत्तरेकडील ‘स’ रूढ झाला, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस नित्याच्या बोलण्यात तेवढा एक ‘स’ आणि ‘असणे’ या क्रियापदाची काही रूपे एवढेच उरले. लिंगाचा तर इंग्रजी क्रियापदाशी संबंधच नाही. अशा भाषेसाठी लिंडले मरे याने १७९५ साली आपले व्याकरण लिहिले. हा मूळचा अमेरिकेतील वकील, प्रकृतीच्या कारणाने इंग्लंडात यॉर्कजवळ स्थायिक झालेला, आणि त्याने हे पुस्तक तेथील मुलींच्या एका शाळेच्या गरजेतून सिद्ध केले. क्रियापदाने आपल्या प्रथमान्त नामाचे वचन आणि पुरुष धारण करावेत, हा मेळाचा नियम त्यात ठळक स्थानी आहे. पुढील अर्धशतकात हे पुस्तक इंग्रजी जेथे जेथे शिकवली गेली तेथे तेथे पोचले, आणि त्यात मुंबई इलाखाही होता.

मराठी, गुजराती आणि इंग्रजी यांची व्याकरणे शेजारी ठेवण्याचा यत्न त्याआधीच झालेला होता. कंपनी सरकारच्या मुंबईतील नोकरीत असलेला शल्यवैद्य रॉबर्ट ड्रमंड याने १८०८ साली या तिन्ही भाषांच्या व्याकरणाचा परिचय करून देणारे पुस्तक मुंबईत छापले. विल्यम केरीचे मराठी व्याकरण त्याच्या तीन वर्षे आधी, १८०५ साली, बंगालमधून निघाले होते. मात्र ही पुस्तके परकीय अधिकाऱ्यांना देशी भाषा याव्यात म्हणून लिहिलेली होती. मराठी मुलांना त्यांच्याच भाषेचे नियम त्यांच्याच भाषेत सांगण्याचे काम वेगळे होते, आणि ते ज्या ग्रंथामुळे शाळाशाळांत रुजले तो दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचा ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ हा ग्रंथ १८३६ साली प्रसिद्ध झाला. दादोबांचा जन्म १८१४ चा, म्हणजे ग्रंथ निघाला तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते.

दादोबांपुढे दोन साचे होते: एक मरेचा इंग्रजी आणि दुसरा संस्कृत व्याकरणपरंपरेचा. ग्रंथाची मांडणी त्यांनी बरीचशी पहिल्यावरून घेतली, परंतु मेळाच्या प्रश्नावर तो साचा चालण्यासारखा नव्हता. ‘मुलगा जातो, मुलगी जाते, मुले जातात’ येथपर्यंत मरेच्या नियमात लिंगाची भर घातली की काम भागते, आणि याला कर्तरी प्रयोग म्हणतात. ‘रामाने आंबा खाल्ला, रामाने पोळी खाल्ली’ येथे मात्र खाणारा तोच असूनही क्रियापद बदलते, कारण ते कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. हा कर्मणी प्रयोग. आणि ‘रामाने रावणास मारले’ या वाक्यात क्रियापद रामाचेही नाही आणि रावणाचेही नाही, ते नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर राहते. हा भावे प्रयोग. मरेचा नियम प्रथमान्त नामावर उभा आहे, आणि इंग्रजीत क्रिया करणारा बहुधा प्रथमेतच असल्यामुळे विभक्ती आणि भूमिका यांत फरक करण्याची त्याला फारशी गरज पडत नाही. मराठीत करणारा तृतीयेत जातो तेव्हा या दोन गोष्टी फुटून वेगळ्या होतात, आणि मग कर्ता कोणाला म्हणावे हाच पहिला प्रश्न होऊन बसतो. संस्कृतातील प्रयोगांची नावे घेऊन ती मराठीच्या चालत्या वाक्यांना लावणे हे दादोबांच्या कामाचे खरे मोल आहे. त्यांना मराठीचे पाणिनी म्हणण्यात अतिशयोक्ती असेल, पण इंग्रजी साचा कोठे सोडायचा याचे त्यांचे भान निःसंशय मोठे होते.

हे दादोबा १८४० नंतरच्या वर्षांत सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून आले. सुरतेतील त्यांचे वास्तव्य इतिहासात नोंदले गेले ते सामाजिक सुधारणेसाठी. गुजराती शाळेचे शिक्षक दुर्गाराम मेहताजी यांच्यासह त्यांनी २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा स्थापन केली. तिच्या प्रमुख मंडळींची नावे ‘द’ने सुरू होत असल्याने सुरतेत त्यांना पाच दद्दा म्हणत, आणि जादूटोणा, जातिभेद आणि विधवांची दुःस्थिती यांवर त्या सभेत उघड चर्चा होई. दादोबा मुंबईस परतल्यावर सभा मंदावली आणि त्यांनी पुढे मुंबईत परमहंस सभेचा पाया घातला. सुधारक दादोबा आणि व्याकरणकार दादोबा यांची चरित्रे वेगवेगळी वाचण्याची सवय पडली आहे. वस्तुतः सुरतेच्या वर्गात इंग्रजी शिकवणारा माणूस आणि सभेत बोलणारा माणूस एकच होता, आणि रूढी मानायची ती कारण तपासून, ही वृत्ती त्याच्या दोन्ही कामांत दिसते.

सुरत हे मेळाच्या अभ्यासाला विलक्षण सोयीचे शहर होते, कारण गुजराती याच प्रश्नाचा तिसरा निकाल देते. गुजरातीत वर्तमानकाळी तो असो, ती असो किंवा ते अनेक असोत, ‘जाय छे’ हे एकच रूप येते; येथे ती मराठीपेक्षा काटकसरी आहे. भूतकाळात ‘रामे रोटली खाधी’ असे म्हणताना ती मराठीसारखीच कर्माच्या मागे जाते. पण कर्माला ‘ला’ किंवा ‘स’ सारखा प्रत्यय लागला की दोघी वेगळ्या होतात: मराठीत ‘रामाने सीतेला पाहिले’ असे नपुंसकी रूप येते, तर गुजरातीत ‘रामे सीताने जोई’, म्हणजे प्रत्यय लागूनही क्रियापद सीतेचे स्त्रीलिंग सोडत नाही. मराठीतील भावे प्रयोगाची ही नेहमीची जागा गुजरातीने कर्माच्या मेळाला देऊन टाकली आहे. पुढे सुरतेच्याच नर्मदाने ‘नर्मव्याकरण’ लिहिले आणि गुजराती व्याकरणविचाराला देशी लेखणी मिळाली. त्याच्या नावाचे वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ आज उधना–मगदल्ला रस्त्यावर उभे आहे.

मराठीतील वाद दादोबांपाशी थांबला नाही. कृष्णशास्त्री गोडबोले, कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध करणारे मोरो केशव दामले यांनी प्रयोगांची पुन्हा पुन्हा छाननी केली. ‘तू पोळी खाल्लीस’ यासारखी वाक्ये कोणत्याही एका खणात बसत नव्हती, कारण त्यात ‘खाल्ली’ हे रूप पोळीमुळे येते आणि शेवटचा ‘स’ तू या कर्त्यामुळे. एकाच क्रियापदाने दोघांशी एकदम मेळ राखण्याच्या या प्रकाराला कर्तृ-कर्मसंकर असे नाव मिळाले, आणि असे नाव देण्याची वेळ मरेच्या भाषेवर कधीच आली नसती.

उधना या इतिहासात शिरते ते रेल्वेमुळे. तापी व्हॅली रेल्वे कंपनीने सुरतेपासून अमळनेरपर्यंत टाकलेला आणि पुढे जळगावला जाऊन मिळालेला मार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला, आणि मुंबई–अहमदाबाद मार्गावरील उधना हे त्याचे जंक्शन ठरले. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव अशी ही वाट आहे, आणि १९६० साली राज्ये वेगळी झाल्यावर तिच्यावरील नवापूर स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत पडला. खानदेशातील कोरडवाहू शेतीवर न भागणारी कुटुंबे याच गाडीने सुरतेकडे आली. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत लूम्सची खाती आणि कापड रंगवण्या-छापण्याच्या मिला वाढत गेल्या, तशी तेथे मराठी वस्तीही वाढली, आणि तिच्यातील पुष्कळांची घरची बोली अहिराणी आहे.

अहिराणीचे स्थान या चर्चेत मोलाचे आहे. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीत खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, मराठीच्या खंडात न ठेवता भिल्ली बोलींबरोबर नवव्या खंडात ठेवले. त्या वर्गीकरणावर वाद होऊ शकतो आणि झालाही आहे, परंतु क्रियापदाकडे पाहिले तर त्यामागचे कारण कळते: प्रमाण मराठीत ‘तो जातो, ती जाते’ असा लिंगभेद आहे, अहिराणीत मात्र ‘तो जास, ती जास’. भूतकाळात ‘तो उना, ती उनी’ असा भेद पुन्हा अवतरतो. म्हणजे वर्तमानकाळापुरती अहिराणी गुजरातीच्या बाजूला उभी राहते.

सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमांतही चालतात. तेथील मराठी माध्यमाच्या वर्गात बसलेले मूल घरून ‘जास’ घेऊन येते, पुस्तकातले ‘जातो-जाते’ शिकते, रस्त्यावर ‘जाय छे’ ऐकते आणि मग इंग्रजीच्या तासाला त्याच्यापुढे ‘गोज’ येते. त्याच्या चुकांना निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे, कारण त्यांतील बहुतेकांना नियम आहे. ‘बॉइज गोज’ ही चूक घ्यावी: इंग्रजी नामाला लागणारा ‘स’ अनेकवचनाचा, क्रियापदाला लागणारा ‘स’ एकवचनाचा, आणि कान एकच असल्यामुळे मूल दोन्हीकडे अनेकवचन ऐकते. भूतकाळात उलट ते निर्धास्त असते, कारण तेथे ‘वॉज’ आणि ‘वेअर’ सोडता इंग्रजीत मेळच नाही. ‘खाल्ला, खाल्ली, खाल्ले’ यांतून गेलेल्या मुलाला ‘एट’ या एकाच रूपाचे ओझे वाटत नाही.

याहून अधिक लक्ष द्यावे अशी चूक ‘माय फादर गो’ ही आहे. प्रमाण मराठीत वडील ‘जातात’, आदरार्थी अनेकवचनात, आणि हा मेळ पाळणारे मूल इंग्रजीतही वडिलांना अनेकवचनच देते. गुजरातीत आदराची तऱ्हा आणखी निराळी आहे. तेथे आदरणीय स्त्रीसाठी ‘बा आव्यां’ असे नपुंसकलिंगी अनेकवचनाचे रूप येते, जेथे मराठी ‘सासूबाई आल्या’ असे स्त्रीलिंग टिकवते. इंग्रजी क्रियापदात आदर मावत नाही असे शिक्षकाने सांगितले तर ते आजच्या तृतीयपुरुषापुरते बरोबर आहे, पण द्वितीयपुरुषाचा इतिहास वेगळा आहे. ‘यू’ हे मूळचे अनेकवचन. ते आधी मोठ्यांसाठी, मग परक्यांसाठी आणि अखेर सर्वांसाठी वापरले जाऊन ‘दाऊ’ हे एकवचन हटले. अठराव्या शतकात एका माणसाला उद्देशून ‘यू वॉज’ असे लिहिण्याचा प्रघात पडू लागला होता. १७६२ साली व्याकरण लिहिणाऱ्या रॉबर्ट लाउथ या बिशपने तो चुकीचा ठरवला आणि पुढच्या शालेय पुस्तकांनी त्याचाच निर्णय चालवला. समोर एकच माणूस असताना ‘यू आर’ असे जे आजही म्हटले जाते, त्या ‘आर’मध्ये ‘वडील जातात’मधलेच आदरार्थी अनेकवचन आहे, आणि उधन्याच्या वर्गातील मुलाला ते समजावून सांगायला त्याची स्वतःची भाषा पुरते.