न दुखणाऱ्या पायाचं प्लास्टर



मधुमेहामुळे बधिर झालेल्या तळपायाला जखम झाली, तर जगभरातले तज्ज्ञ आज मलमाच्याही आधी एक गोष्ट सांगतात. त्या जखमेवरचा भार काढा. त्यासाठी गुडघ्यापर्यंत एक खास प्लास्टर घालतात. हा उपाय मुळात मधुमेहासाठी निघालेलाच नव्हता. तो निघाला कुष्ठरोग्यांसाठी, आणि तोही आपल्या देशात आणि शेजारच्या श्रीलंकेत. आज त्या प्लास्टरचा इतिहास सांगते. कारण घराघरात एक वाक्य ऐकू येतं, "त्या ऐकतच नाहीत, सारख्या चालतात, म्हणून जखम भरत नाही." या वाक्यात कितपत तथ्य आहे, ते या इतिहासातून कळतं.

गोष्ट १९३० नंतरच्या दशकातली. कुष्ठरोगात पायाची संवेदना जाते. तळपायाला जखमा होतात, वर्षानुवर्षं भरत नाहीत. लोक समजायचे, या रोगात मांसच सडतं, त्याला इलाज नाही. रुग्णाला खाटेवर झोपवून ठेवलं की जखम भरायची, उठून चालायला लागला की पुन्हा उघडायची. पण महिनोन्‌महिने खाटेवर कोण पडून राहणार? पोट कोण भरणार? तेव्हा कोलंबोचे सर्जन डॉ. मिलरॉय पॉल आणि भारतातले डॉ. जोसेफ खान यांनी अशा पायांना प्लास्टर घालून रुग्णांना चालू दिलं. रुग्ण हिंडता-फिरता राहिला आणि जखमही भरत आली.

पुढचं मोठं काम तमिळनाडूत झालं. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ चा, तिथल्याच कोल्ली डोंगरातला. आईवडील इंग्रज मिशनरी. डॉक्टर होण्याआधी ते घरबांधणीचं काम शिकले होते. १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरोग्यांचे हातपाय तपासू लागले. त्यांच्या लक्षात आलं, की या रुग्णांचं मांस खराब नसतं. जखमेला जपलं तर ती चारचौघांच्या जखमेसारखीच भरते. कमी असते ती फक्त दुखण्याची.

जरा विचार करा. आपल्या चपलेत खडा गेला तर काय होतं? आपण लगेच लंगडतो, पाय तिरपा टाकतो, चार पावलांत चप्पल काढून झटकतो. यात शहाणपण आपलं नसतं, दुखण्याचं असतं. ज्याला दुखतच नाही, तो त्याच खड्यावर दिवसभर सरळ चालतो. जखम झाली तरी तिच्यावर पूर्ण वजन टाकून चालतो. म्हणजे जखमेचं कारण भार, आणि ती न भरण्याचं कारणही भारच.

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे मधुमेही रुग्णांचे पाय त्यांनी पाहिले, तर जखमा तशाच होत्या. चवड्याखाली, अंगठ्याखाली, जिथे चालताना जास्तीत जास्त भार येतो तिथे. रोग वेगळा, पण बधिरपणा तोच. मग वेल्लोरचं प्लास्टर मधुमेहाच्या पायाला लागलं.

हे प्लास्टर मोडलेल्या हाडाच्या प्लास्टरसारखं नसतं. यात कापूस अगदी कमी. पायाच्या आणि पोटरीच्या आकाराला ते तंतोतंत बसवतात, जशी साच्यात मूर्ती बसते. त्यामुळे वजन एका ठिकाणी न पडता सगळ्या तळपायावर पसरतं आणि काही भार पोटरीकडे जातो. सूज उतरली की प्लास्टर सैल होतं, म्हणून पहिलं दोन-तीन दिवसांत बदलतात, नंतर साधारण आठवड्याला एकदा.

हे खरंच चालतं का, याची रीतसर तुलना १९८९ मध्ये अमेरिकेत झाली. चाळीस मधुमेही रुग्ण होते. २१ जणांना प्लास्टर, १९ जणांना नेहमीची मलमपट्टी. प्लास्टरवाल्यांपैकी १९ जणांच्या जखमा भरल्या, सरासरी ४२ दिवसांत. मलमपट्टीवाल्यांपैकी फक्त सहा जणांच्या भरल्या, त्याही सरासरी ६५ दिवसांत.

मग बाजारात सोपी साधनं आली. एक म्हणजे वॉकर. गुडघ्यापर्यंतचा, पट्ट्यांनी आवळायचा, हवा तेव्हा काढता येणारा बूट. दुसरा अर्धा बूट, ज्यात चवडा जमिनीला टेकत नाही. २००१ मध्ये ६३ रुग्णांवर या तिघांची तुलना झाली. बारा आठवड्यांनंतर जखम भरलेले शंभरात किती? प्लास्टरमध्ये सुमारे ९०, वॉकरमध्ये ६५, अर्ध्या बुटात ५८.

इथे संशोधक कोड्यात पडले. कारण चवड्यावरचा भार मोजला, तर चांगला वॉकर जवळजवळ प्लास्टरइतकाच तो कमी करत होता. मग जखमा कमी का भरल्या? याचं उत्तर २००३ मध्ये मिळालं. वीस रुग्णांच्या कमरेला पावलं मोजणारं यंत्र लावलं, दुसरं वॉकरमध्ये बसवलं. दिवसभरात टाकलेल्या शंभर पावलांपैकी वॉकर घालून टाकलेली पावलं निघाली फक्त २८. बाकीची ७२ पावलं जखम मोकळी.

ऐकत नव्हते म्हणायचं का त्यांना? दुखत नव्हतं हो त्यांना! रात्री लघवीला उठायचं, दारात कुणी आलं, गॅसवर दूध उतू जातंय. चार पावलांसाठी एवढा जड बूट कोण चढवेल? आपल्या घरातली बाई तर दिवसभर अशीच चार-चार पावलं चालते. चूल ते मोरी, मोरी ते अंगण, आणि तीही अनवाणी. तिचा दिवस अशाच पावलांचा असतो.

मग डॉक्टरांनी एक साधी युक्ती केली. तोच वॉकर घातला आणि त्याच्यावरून प्लास्टरच्या पट्टीचे वेढे दिले, की काढताच येऊ नये. २००५ मध्ये पन्नास रुग्णांवर तुलना झाली. काढता येणाऱ्या वॉकरमध्ये शंभरात सुमारे ५२ जणांच्या जखमा बारा आठवड्यांत भरल्या, न काढता येणाऱ्यात ८३. बूट तोच, फरक फक्त वरच्या वेढ्याचा. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात हा बांधलेला वॉकर आणि खरं प्लास्टर जवळपास सारखेच ठरले, आणि वॉकर बांधायला वेळही कमी लागला. म्हणून मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ गटाच्या २०२३ च्या सूचनांतही चवड्याच्या अशा जखमेसाठी पहिली पसंती गुडघ्यापर्यंतच्या, न काढता येणाऱ्या साधनालाच आहे.

तरी हे प्लास्टर सर्रास मिळत नाही. अमेरिकेतल्या सुमारे नऊशे केंद्रांची पाहणी २००८ मध्ये छापून आली. बहुतेक जखमांना हेच प्लास्टर घालणारी केंद्रं शंभरात दोनसुद्धा नव्हती. सामान महाग नाही, पण हात शिकलेला लागतो. चुकीचं बसलं तर प्लास्टरच नवी जखम करतं. पू झाला असेल, पाय काळा पडला असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा फार कमी असेल, तर ते घालत नाहीत. म्हणून घरी किंवा हाडवैद्याकडे हा प्रयोग कुणी करू नये. प्लास्टर असताना ताप आला, वास यायला लागला, ते सैल किंवा घट्ट वाटलं, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

जखम भरली म्हणजे सुटलो असंही नाही. भरलेल्या शंभरांपैकी सुमारे ४० जणांना वर्षभरात पुन्हा जखम होते, कारण बधिरपणा तसाच राहतो. आपल्याकडे कुष्ठरुग्णांना सरकारी दवाखान्यातून मऊ एमसीआर रबराची चप्पल मिळते. तीही वेल्लोर-करिगिरीच्या त्याच कामातून रूढ झाली. बधिर पायाच्या मधुमेही माणसालाही अशी मऊ, मापाची चप्पल लागते, आणि ती घरातसुद्धा घालायची असते.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात अशी जखम असेल तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. पायाचा रक्तपुरवठा तपासला का? जखमेवरचा भार कशानं काढणार? आणि ते साधन न काढता येणारं करता येईल का? मलमाची चिठ्ठी तर मिळेलच. पण हे तीन प्रश्न आपण विचारले, तर एखादा पाय वाचेल, आणि घरातल्या त्या बाईला "तू ऐकत नाहीस" हे बोलणंही ऐकावं लागणार नाही.